थेंबाथेंबाला अडणाऱ्या अक्का

फेगडे अक्कांनी मला सोळा वर्षं छळलं. हे मी त्या असताना त्यांच्या तोंडावर सांगायचो, आणि आता त्या नाहीत तरी शब्द बदलायची मला गरज वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण चिडून बोलणार आहे, कारण अक्कांबद्दल न चिडता बोलणं मला कधी जमलेलंच नाही.

अक्का म्हणजे डॉ. विमल फेगडे, भूलतज्ज्ञ. राहायला भुसावळला, माहेर यावलकडच्या केळीच्या गावातलं. मी मूळचा धुळ्याचा, जळगावात हाडांचा डॉक्टर, गुडघे बदलतो. खानदेशात झिजलेल्या गुडघ्यांना तोटा नाही. जन्मभर कापूस वेचून, निंदणी-खुरपणी करून साठीला आलेल्या बाया कमानीसारखे पाय घेऊन दारात येतात. त्यांना भूल द्यायची अक्कांनी आणि गुडघा बदलायचा मी, अशी आमची वाटणी होती. निदान मला तशी वाटायची. अक्कांच्या मते वाटणी वेगळी होती. पेशंटचं रक्त सांडणार मी आणि ते वाचवणार त्या.

बाई मुळातच चिकट. मिठाईच्या खोक्याची दोरी सोडून, गुंडाळून पर्समध्ये टाकायच्या. चहा अर्धा कप मागवायच्या आणि त्यातलाही घोटभर बशीत ओतून सिस्टरपुढं सरकवायच्या. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की हॉस्पिटल कुणाचंही असो, आत जाऊन बंद करायच्या आणि बाहेर येऊन जो पहिला सापडेल त्याला बोलायच्या. एकदा तो पहिला म्हणजे आमचे एक ज्येष्ठ फिजिशियन होते, ते त्या खोलीत नुसते मोजे घालायला गेले होते.

हा स्वभाव रक्ताच्या बाबतीत कळसाला पोचायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "रगत काही बाजारात पिकत नही, प्रमोद. मानसातच पिकतं." मी चिरा द्यायच्या आधी हे वाक्य यायचं. मग तासभर पडद्यापलीकडून माझ्या हातांवर नजर.

गुडघा बदलताना रक्त जातंच. हाड कापायचं म्हणजे रक्त येणार. पूर्वी सरसकट एक-दोन बाटल्या द्यायचो, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. अक्का आल्या आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात घरातून वजनकाटा आणला. त्यावर त्या दिवाळीत बेसन आणि साखर मोजायच्या. ऑपरेशनच्या आधी रक्त टिपायची फडकी, म्हणजे मॉप, कोरी असताना त्यावर ठेवायची, नंतर भिजलेली ठेवायची आणि फरक मोठ्यानं सांगायचा. लग्नाच्या मुलीचं वय आणि सर्जननं सांगितलेलं रक्त, दोन्ही कमीच सांगितलं जातं, हे जगजाहीर आहे. मी म्हणायचो दीडशे मिली. काट्याकडं बघत अक्का म्हणायच्या, दीडशे तर नुसत्या फडक्यांत आहे, सक्शननं ओढलेलं बरणीतलं अजून बाकी आहे. हे सगळं सिस्टर, वॉर्डबॉय आणि इंप्लांटच्या कंपनीचा माणूस यांच्यादेखत. एकदा मी तो काटा कपाटाच्या वर लपवून ठेवला. त्या दिवशी अक्कांनी मॉप हातात तोलून आकडा सांगितला, आणि तो माझ्या आकड्याच्या दुप्पट होता. दुसऱ्या दिवशी मी काटा निमूट खाली काढून ठेवला.

दुसरं भांडण एसीचं. बाहेरच्यांना जळगावचा मे महिना सांगून कळणार नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा दिवसांत अंगावर दोन गाऊन, रबरी एप्रन, डोक्यावर टोपडं घालून हातोडी चालवायची असते, आणि तेव्हा सर्जनला ऑपरेशन थिएटरमध्ये गार हवा लागते. अक्कांचं म्हणणं, पेशंट गार पडला की त्याचं रक्त गोठत नाही, गळत राहतं. म्हणणं खरं आहे, पुस्तकात आहे. पण पुस्तक लिहिणारा मे महिन्यात जळगावला आलेला नव्हता. मी एसी वाढवायला सांगायचो, अक्का कमी करायला सांगायच्या, आणि वॉर्डबॉय रिमोट हातात घेऊन दोघांच्या मधे उभा राहायचा. शेवटी अक्का जिंकायच्या. पेशंट ब्लँकेटात उबदार झोपलेला आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकतोय, तो सिस्टर फडक्यानं टिपतेय. या सगळ्यात अक्का शांतपणे सलाईन कोमट आहे का ते गालाला लावून बघायच्या.

पण खरा छळ ऑपरेशनच्या आधीचा. अकराच्या खाली हिमोग्लोबिन असलेली बाई टेबलावर घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. आधी रक्त वाढवा, मग कापा. ऐकायला सोपं आहे. खानदेशात साठीची, अकरा हिमोग्लोबिन असलेली बाई शोधून दाखवा म्हणावं. कुणाचं नऊ, कुणाचं साडेआठ. मग त्या बाईला तीन-तीन महिने लोहाच्या गोळ्या, कधी शिरेतून लोह, आणि चौकशी. गोळी कशाबरोबर घेते, चहाबरोबर का, मग ती गोळी गटारात गेली असं समज. गुडघ्यासाठी कोणती गोळी घेते, कुणी दिली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, काढा कोणता, भस्म कोणतं. पोलिसांत असत्या तर जिल्ह्यातल्या सगळ्या चोऱ्या निघाल्या असत्या. तोवर बाईचा मुलगा माझ्यापुढं हात जोडून उभा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येणार, त्याआधी आईला उभी करा. माझ्या तारखा कोलमडायच्या. चार जण तर सरळ दुसऱ्या दवाखान्यात गेले. मी अक्कांना हे सांगितलं की त्या म्हणायच्या, जाऊ दे, त्यांचं रक्त त्यांच्या जिवावर.

समोरच्याची खालची पापणी ओढून आत किती लाली आहे ते बघायचं, ही त्यांची सवय तर दवाखान्याबाहेरही सुटायची नाही. रिसेप्शनवरची मुलगी, चहावाली, माझी बायको, कुणीही. माझ्या पुतण्याच्या लग्नात धुळ्याला त्या स्टेजवर पाकीट द्यायला चढल्या आणि फोटोग्राफर म्हणाला, इकडे बघा, तेव्हा अक्का नवरीची पापणी ओढून बघत होत्या. तो फोटो अल्बममध्ये आहे. नवरीच्या आईला वाटलं मुलीच्या डोळ्यात काही दोष निघाला, ती बिचारी जेवली नाही. मी अक्कांना नंतर गाडीत बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पोरीचं नऊच्या वर नसेल, सासूला सांगून ठेव. त्या पोरीचं रक्त तपासलं तर ते खरंच नऊच्या खाली निघालं, आणि याचा मला अधिकच राग आला.

साक्रीकडच्या एका कुटुंबाचा किस्सा सांगायलाच हवा, कारण त्यात अक्का हरल्या. म्हातारीचा गुडघा होता. आमच्या भागात अशी रीत आहे की घरचं माणूस मोठ्या ऑपरेशनला गेलं की गावातून जीप भरून माणसं येतात, रक्त द्यायला. द्यायला लागो न लागो, यायचं. कोण आलं आणि कोण नाही आलं हे पुढं वर्षानुवर्षं बोललं जातं. तशी ती मंडळी आली, उपाशीपोटी, बाह्या वर करून. आणि अक्का बाहेर येऊन म्हणाल्या, रक्ताची गरज नाही, बाईचं स्वतःचं पुरलं. अक्का त्या दिवशी फार खूश होत्या. त्यांना वाटलं आनंदाची बातमी आहे.

म्हातारीचे दीर, सगळे त्यांना आबा म्हणत, ते बाकावरून उठले. सगळे इथवर येऊनही रक्त नाकारलं, हे त्यांना झोंबलं. "आमी बठ्ठा आठे उनूत, आनि आमनं रगत नको? काय खराब शे का आमनं रगत?"

अक्कांनी समजावलं. दुसऱ्याचं रक्त म्हणजे दुसऱ्याचं, अंगावर येऊ शकतं, ताप येतो, विनाकारण घेऊ नये. त्या जितकं समजावत गेल्या तितके आबा लाल होत गेले, कारण दुसऱ्याचं हा शब्द त्यांना लागला. सख्खा दीर दुसरा कसा. निदान एक बाटली तरी चढवा, ताकद येईल, असं मुलगा म्हणाला. मी अक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, अक्का, या लोकांचा मान राखायला एक बाटली काढून घेऊ, रक्तपेढीत ठेवू, कुणाला तरी लागेल. त्या म्हणाल्या, खोटं बोलून कुणाचं रक्त काढायचं नाही. झालं. म्हातारी ठणठणीत बरी झाली, चालत घरी गेली, आणि दुसरा गुडघा त्यांनी दुसरीकडे केला. तिथं म्हणे दोन बाटल्या चढवल्या आणि सगळ्या गावाचं समाधान झालं. त्या गावातून माझ्याकडं पुन्हा कुणी आलं नाही. अक्कांना याचं काहीच वाटलं नाही असं मी समजत होतो, पण पुढं कितीतरी दिवस त्या मधेच विचारायच्या, साक्रीच्या त्या आबांना काय सांगायला हवं होतं रे.

आता मुद्द्यावर येतो. अक्कांचे स्वतःचे गुडघे गेले होते. हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. भुसावळहून सकाळच्या गाडीनं यायच्या, स्टेशनचा जिना आडव्या होऊन एकेक पायरी उतरायच्या, आणि ऑपरेशनभर पेशंटच्या डोक्याशी उभ्या राहायच्या. स्टूल दिलं तर त्यावर पर्स ठेवायच्या. मी तीन वेळा म्हटलं, अक्का, करून टाकू. तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. चौथ्या वेळी मी त्यांना न विचारता त्यांचं रक्त तपासायला पाठवलं, म्हणजे सिस्टरनं फसवून काढलं. हिमोग्लोबिन नऊ.

जिल्ह्याच्या पापण्या ओढणाऱ्या बाईचं नऊ. मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी लोह सुरू केलं, नियमानं, चहा सोडून. दोन महिन्यांनी तपासलं, नऊच. शिरेतून घेतलं, थोडं वर गेलं, पुन्हा खाली. त्यांना कारण कळत नव्हतं असं त्या दाखवत होत्या. मलाही कळत नव्हतं, पण मी खरंच मूर्ख होतो.

मग एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर, पाण्याच्या घोटाबरोबर अक्का एक गोळी गिळताना मला दिसल्या. चांदीच्या रंगाची पट्टी त्यांनी झटकन पर्समध्ये टाकली. ती पट्टी मी ओळखली. दिवसातून वीस वेळा तीच गोळी लिहितो मी. गुडघेदुखीची. उपाशीपोटी रोज घेतली तर जठराला भोकं पाडते आणि रक्त आतल्या आत झिरपत राहतं, थेंबथेंब, कळतही नाही. याच गोळीबद्दल अक्का प्रत्येक म्हातारीला फैलावर घ्यायच्या.

"अक्का, ही किती दिवस चालू आहे?"

"दिवस काय विचारतो. वर्सं विचार."

मी त्यांच्यावर ओरडलो. बारा वर्षांत पहिल्यांदाच मनसोक्त ओरडलो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला बरंही वाटलं. सगळ्या म्हाताऱ्यांचा हिशेब मी त्यांना ऐकवला. एसीचा, काट्याचा, लग्नातल्या नवरीचाही. अक्कांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "गोळी सोडली तं मी उभी नही र्‍हात. उभी नही र्‍हायली तं काम नही. काम नही तं घरी बसून भिताडाकडे पाहू का?"

यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुरतेला. रेल्वेच्या वसाहतीजवळचं दोन खोल्यांचं घर. हे मला माहीत होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. गोळी घेतली तर रक्त वाढत नाही, रक्त वाढलं नाही तर ऑपरेशन नाही, ऑपरेशन झालं नाही तर गोळी सुटत नाही. या चक्रात ही बाई एकटी फिरत होती आणि सकाळच्या गाडीनं येऊन दुसऱ्यांचं रक्त वाचवत होती. मला त्यांची दया यायला हवी होती. आली ती चीड.

मी म्हटलं, नऊवर करू. आता रक्त थांबवायचं इंजेक्शन आहे, ते चिरा द्यायच्या आधी आणि शिवताना देऊ, मी हात जपून चालवीन, काही होत नाही. इतर ठिकाणी सर्रास करतात. अक्का म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, नियम तुम्हीच केलाय, तुम्हीच मोडा. तर म्हणाल्या, "त्या बायांले मी तीन-तीन महिने बसवलं. कोनाची आखाजी गेली, कोनाच्या घरचं लगन गेलं. माह्यासाठी नियम येगळा का?"

मग एकच वाट उरली. गोळी बंद, काम बंद, घरी बसायचं, जठर बरं होऊ द्यायचं, रक्त वाढू द्यायचं. भिंतीकडं बघायचं. अक्कांनी ते मान्य केलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी उगाच सिस्टरला कशावरून तरी रागावलो.

त्यांच्या जागी धुळ्याच्या डॉ. स्नेहल देवरे येऊ लागल्या. अक्कांच्याच हाताखाली तयार झालेली तरुण मुलगी, पण स्वभाव अगदी उलटा. काहीही म्हटलं की हो सर. एसी वाढवू का, हो सर. दीडशे लिहा, हो सर. पहिला आठवडा मला स्वर्गात असल्यासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी शिवता शिवता थांबलो आणि म्हणालो, ते मॉप जरा काट्यावर ठेवा. हो सर, म्हणाली. अक्कांचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं.

शिवाय सुटका अशी नव्हतीच. रोज दुपारी भुसावळहून फोन. आज कोण होतं, किती गेलं, म्हातारी गार पडली का, इंजेक्शन किती वाजता दिलं. मी फोन उचलला नाही तर देवरेला, देवरेनं उचलला नाही तर सिस्टरला. एकदा तर थेट पेशंटच्या सुनेला लागला, नंबर कुठून मिळवला देव जाणे. दुखरे पाय घेऊन घरात सरपटणाऱ्या, गोळीवाचून रात्र काढणाऱ्या बाईला दुपारी हाच एक विरंगुळा, हे मला समजत होतं. तरी फोन वाजला की माझ्या कपाळावर आठ्या यायच्या.

हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं त्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि तारीखही स्वतःच दिली. मी म्हटलं, दोन्ही गुडघे एकदम उरकू, पुन्हा तो वनवास नको. नाही. दोन्ही एकदम म्हणजे रक्त दुप्पट, हे आमचं जुनं भांडण होतं. एकच. उजवा.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे धास्तावलेलो होतो, एक त्या सोडून. भूल कमरेतून दिलेली, म्हणजे बाई पूर्ण जागी. पडदा लावला तरी आवाज कसा अडवणार. एसी बंद कर. सलाईन गालाला लावून पाहिलं का, स्नेहल. इंजेक्शन गेलं का. प्रमोद, सक्शनचा आवाज काबरं येऊन र्‍हायला, कुठं गळतंय ते पहिलं बांध, मग पुढं जाय. सक्शनच्या नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की हवा ओढली जातेय की रक्त. आपल्याच गुडघ्यात हातोडी चालू असताना बाई सूचना देत होती. मी दात-ओठ खात काम केलं. इतकं जपून मी जन्मात कुणाचं ऑपरेशन केलेलं नाही, प्रत्येक बारीक शीर जाळली, शिवायच्या आधी दोनदा पाहिलं. देवरेनं मॉप काट्यावर ठेवले. आकडा इतका कमी आला की तिनं पुन्हा ठेवून पाहिले. पडद्यापलीकडून आवाज आला, "बरं केलं." बारा वर्षांतलं त्यांच्या तोंडचं माझं हे पहिलं कौतुक.

पण गुडघ्याचं रक्त सगळं फडक्यात आणि बरणीत येत नाही. काही मांसात, सांध्यात, मांडीत झिरपत राहतं, दोन-तीन दिवस. ते कुठल्याच काट्यावर येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडी निळी पडलेली आणि हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं. रक्तपेढीत मी त्यांच्या गटाची एक बाटली आधीच जुळवून ठेवली होती, त्यांना न सांगता. ती मागवली आणि खोलीत गेलो.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं. म्हणाल्या, "आकड्याले बाटली देऊ नको. मानसाले दे."

हेही त्यांचंच जुनं वाक्य. नुसता आकडा खाली आला म्हणून रक्त द्यायचं नाही, माणसाला सोसत नसेल तरच द्यायचं. मी वाद घातला. वय काढलं, हृदय काढलं, शेवटी विनवणीवर आलो. त्या ओठ मिटून छताकडं बघत राहिल्या. ओठांना रंग नव्हता. अडून बसलेल्या माणसावर रागवावं तर तो पांढराफटक, आणि न रागवावं तर तो मरणार, असल्या कात्रीत मी याआधी कधी सापडलो नव्हतो. मला खरोखर भीती वाटली. ही बाई माझ्या हातून, माझ्या सगळ्यात चांगल्या ऑपरेशननंतर, स्वतःच्या हट्टानं जाणार, असं मला वाटून गेलं.

देवरे दाराशी उभी होती. ती पुढं आली. मला काही विचारलं नाही. अक्कांची नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग त्यांना उठवून बसवलं, पाय खाली सोडायला लावले, वॉकर पुढं घेतला आणि उभं केलं. अक्का उभ्या राहिल्या, क्षणभर. मग त्यांचे डोळे फिरले आणि त्या देवरेच्या खांद्यावर कोसळल्या. आम्ही दोघांनी त्यांना आडवं केलं. डोळे उघडले तेव्हा देवरे वाकून त्यांच्याशी बोलली. एरवी हो सर म्हणणारी ती मुलगी घरच्या अहिराणीत बोलली, तीही अगदी सावकाश.

"आकडा नही हाऊ, अक्का. मानूस शे. बाटली लावनी पडी."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मी बारा वर्षं भांडलो, मला कधी असं बघितलं नाही त्यांनी. मग त्यांनी डावा हात चादरीबाहेर काढला आणि पालथा ठेवला. "लाव. पन एकच. दुसरी आनशील तं याद राख."

रक्ताची पिशवी आल्यावर गट, नंबर, तारीख त्यांनी स्वतः वाचलं, चष्मा लावून, दोनदा. मग देवरेनं थेंब सुरू केले.

पुढं सगळं नीट झालं. दुसरी बाटली लागली नाही. उन्हाळ्याच्या आत अक्का कामावर आल्या, गोळीवाचून. वर्षभरानं डावा गुडघाही केला, त्याला एकही थेंब लागला नाही, आणि ते त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं. त्या दोन गुडघ्यांवर त्या आणखी काही वर्षं पेशंटच्या डोक्याशी उभ्या राहिल्या, एसी बंद करत राहिल्या. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या, कुणालाही त्रास न देता. त्यांना शोभलं नाही ते. आता थिएटरमध्ये गार हवा असते आणि मला कुणी काही बोलत नाही, आणि याचीही मला चीड येते.

पण अक्का म्हटलं की मला त्या उभ्या दिसत नाहीत. त्या दुपारच्या दिसतात, उशीवर डोकं, नजर पिशवीवर. देवरे दुसऱ्या पेशंटकडं गेली होती, मी एकटाच खुर्चीत बसलो होतो. पडणाऱ्या प्रत्येक थेंबाकडं अक्का बघत होत्या. गालांवर थोडासा रंग आला होता. मधे त्यांनी विचारलं, कुणाचं आहे. मी म्हटलं, रक्तपेढीतलं, कुणाचं ते कळत नाही. त्यांनी मान हलवली.

पिशवी रिकामी झाली, चपटी पडली. मी उठून नळी बंद करायला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून कमजोर होती.

"थांब. नळीत र्‍हायलंय."

मी म्हटलं, अक्का, घोटभरसुद्धा नाही ते.

"असू दे. मागून सलाईन लाव आन् तेबी जाऊ दे आत. कोनी तरी उपाशीपोटी येऊन दिलं असंल ते."

मी सलाईन जोडलं आणि नळी हातात धरून उभा राहिलो. लाल रंग हळूहळू फिका होत त्यांच्या हातात गेला, आणि नळी स्वच्छ झाल्यावरच त्यांनी माझं मनगट सोडलं.